पहाटे तीनचा चहा

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. कधी संध्याकाळी सातला, कधी रात्री अडीचला. सोलापूरकरांना यात नवीन काही नाही, एक कान नळाकडे ठेवूनच आम्ही झोपतो. तोटीतून हवेची फुरफुर सुरू झाली की उठायचं, मोटर लावायची, खालची टाकी, वरची टाकी, स्वयंपाकघरातली पिंपं. सगळं आवरेपर्यंत तीन वाजून गेलेले असतात. अशा वेळी मी हमखास चहा टाकायचे. झोप मोडलीच आहे, आता निदान घोटभर चहा तरी. अर्धा कप, आलं घातलेला, घट्ट. ओट्याला टेकून, दिवा न लावता प्यायचा. त्या चहाची चव दिवसातल्या दुसऱ्या कुठल्याच चहाला नव्हती. असं का, ते मला फार उशिरा कळलं. ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

पन्नाशी आली आणि माझी झोप विस्कटली. पाळी जाण्याचा काळ होता. रात्री दोनच्या सुमाराला अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, गळा-मान घामाने भिजायची, आणि एकदा जाग आली की उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. एका महिन्यात एका बिलावर शून्य जास्त पडलं आणि ते मला महिनाअखेरीस सापडलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या दिवशी मी खरंच घाबरले आणि डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर बाईंनी आधी थायरॉईड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, घोरता का म्हणून विचारलं. घोरताना श्वास अडकत असेल तर खाण्यापिण्यात कितीही बदल केले तरी उपयोग नाही, त्याचा इलाज वेगळा, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझ्यात तसं काही निघालं नाही. मग त्या म्हणाल्या, "गोळी नंतर बघू. दोन आठवडे वही ठेवा. किती झोपलात ते लिहाच, पण तोंडात काय काय गेलं तेही लिहा. वेळेसकट."

वही ठेवणं माझ्या हाताला चांगलंच ठाऊक आहे. रकाने पाडले, रोजच्या रोज नोंदी केल्या. दहाव्या दिवशी पानं चाळताना पहिला आकडा समोर आला: चहा, रोज सहा. सकाळचे दोन, कारखान्यात अकराचा, तीनचा, साडेपाचचा, आणि घरी आल्यावर ह्यांच्याबरोबरचा सातचा. कोणी विचारलं असतं तर मी प्रामाणिकपणे तीन-चार सांगितले असते.

चहातल्या कॅफिनने झोप उडते हे कोणाला माहीत नाही! पण ते कसं होतं, हे समजल्यावर मी त्याकडे गांभीर्याने बघायला लागले. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफिन काय करतं, तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशा त्या जागा अडवतं. अ‍ॅडेनोसिन बिचारं उभंच राहतं. ते कमी झालेलं नसतं, फक्त त्याला बसायला मिळत नाही. कॅफिन उतरलं की सगळी गर्दी एकदम बसते. चार वाजता एकाएकी गळून गेल्यासारखं वाटतं आणि आपण म्हणतो, चला, चहा घेऊ. म्हणजे पुन्हा रुमाल!

शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच-सहा तास लागतात. कोणाला कमी, कोणाला बरेच जास्त. गरोदरपणात आणि काही औषधांवर असताना तर ते खूपच रेंगाळतं. म्हणूनच एकजण रात्री दहाला कॉफी पिऊन घोरतो आणि दुसऱ्याला संध्याकाळचा एक कप महागात पडतो. साडेपाचच्या आणि सातच्या माझ्या दोन कपांतलं अर्धंअधिक मी अंथरुणावर पडताना माझ्याबरोबर असायचं. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेसुद्धा झोप तासाभराहून जास्त घटली. ४०० हा मोठा आकडा आहे हे मान्य. आपल्या चहाच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं. पण सहा कपांची बेरीज केली की ती बेरीज लहान राहत नाही, शिवाय आपला चहा किती उकळलेला असतो हेही बघायला हवं.

मी दुपारी दोननंतर चहा बंद केला. पहिले तीन दिवस डोकं असं दुखलं की काही सुचेना. चौथ्या दिवशी थांबलं. डोकेदुखीपेक्षा कठीण होतं ते नाही म्हणणं. आमच्या कारखान्यात चहा आणणारे मामा गेली वीस वर्षं टेबलावर न विचारता कप ठेवत आलेत. मी "नको" म्हटल्यावर ते तिथेच थांबले. "म्याडम, काय चुकलं का?" सोलापुरात चहा नाकारणं म्हणजे नुसता चहा नाकारणं नसतं. सोयरिकीला गेलात आणि चहा घेतला नाहीत तर पुढचं बोलणंच होत नाही. दोन भावांचं भांडण मिटलं हे त्यांनी एकमेकांच्या घरी चहा घेतल्यावरच गावाला कळतं. मी मामांना सगळं समजावून सांगितलं, अगदी पाळीचंसुद्धा. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला ते माझ्या टेबलावर तोच कप ठेवतात, आत गवती चहाची पानं आणि आलं उकळलेलं नुसतं पाणी. त्यांनी हे स्वतःहून केलं. मला हे लिहितानाही बरं वाटतंय.

चहा कमी केल्यावर झोप लवकर लागायला लागली, पण मध्येच जाग यायचीच. वहीचा दुसरा रकाना बोलू लागला होता: जेवण रात्री साडेनऊ, कधी दहा. आणि तिखट.

तिखटाविरुद्ध बोलणं मला जड जातं. काळं तिखट, ठेचा आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी यांच्याशिवाय सोलापूरचं ताट मी कल्पू शकत नाही. शेंगांच्या चटणीला लसणाबरोबर तेल सुटलेलं असतं, ते कडक भाकरीच्या तुकड्यावर घेऊन खाताना दुसरं काही आठवत नाही. पण १९९२ साली ऑस्ट्रेलियात सहा तरुणांना रात्रीच्या जेवणात तिखट सॉस आणि मोहरी देऊन त्यांची झोप मोजली होती. त्या रात्री त्यांना झोप लागायला वेळ लागला, गाढ झोप कमी झाली, आणि झोपेच्या पहिल्या भागात अंगाचं तापमान चढलेलं राहिलं. सहाच माणसं, त्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष मी काढणार नाही. पण कारण पटण्यासारखं आहे. झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान उतरू लागावं लागतं, रात्रभरात ते साधारण एक अंश सेल्सिअसने खाली येतं. हातापायांच्या तळव्यांतून ही उष्णता बाहेर पडते. आता मे महिन्यातलं सोलापूर डोळ्यांसमोर आणा. दिवसा पारा ४३-४४. रात्री गच्चीवर पाणी मारलं तरी फरशी पायाला गरम लागते. बाहेर अशी भट्टी, आत दहा वाजता खाल्लेलं झणझणीत जेवण, आणि माझ्या वयात अधूनमधून उठणाऱ्या त्या वाफा. शरीराने थंड व्हायचं तरी कुठून?

शिवाय भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल वर यायला बघतं. बसलेलं असताना ते खाली राहतं, आडवं झाल्यावर त्याला उतार मिळतो. डाव्या कुशीवर झोपलं तर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि जळजळ कमी होते. मला हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं. जेवण आणि झोप यांत तीन तास असावेत असं डॉक्टर सांगतात. मी आता साडेसातला जेवते. तिखट सोडलं नाही, ते दुपारच्या डब्यात नेलं. रात्री ज्वारीची भाकरी, एखादी भाजी, वरण. ठेच्याची वाटी रात्री समोर आली की हात अजून तिकडे जातो.

मिठाचं मात्र मला अजिबात माहीत नव्हतं. रात्री दोनदा-तीनदा लघवीला उठावं लागणं म्हणजे वय झालं, असं मी धरून चालले होते. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं की जास्त मीठ खाणाऱ्या आणि झोपेची तक्रार असलेल्या लोकांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, तेव्हा त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वरून १.४ वर आलं. जादा मीठ बाहेर टाकायला शरीराला पाणी लागतं, इतकी साधी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आमच्या घरातल्या चटण्या, पापड, लोणची, सांडगी मिरची यांचा हिशेब मी मांडला आणि रात्रीच्या ताटातून पापड-लोणचं काढलं. ह्यांची कुरकुर दोन आठवडे चालली. मग एका सकाळी हेच म्हणाले, "काल मी एकदाच उठलो." पापडाचा विषय त्यांनी परत काढला नाही.

एक नोंद बघताना मात्र मी बराच वेळ थांबले. संकष्टीच्या रात्री मी हटकून वाईट झोपत होते. मी वीस-बावीस वर्षं संकष्टी करते. दिवसभर उपाशीपोटी चहावर चहा, मध्ये साबुदाणा, आणि मग चंद्रोदयाची वाट. चंद्र कधी साडेआठला, कधी साडेनऊच्याही पुढे. त्यानंतर आरती, नैवेद्य, आणि दिवसभराची भूक भागवणारं गोडाधोडाचं जेवण. म्हणजे झोपेच्या सगळ्या वैऱ्यांना मी एकाच दिवशी घरी बोलावत होते. उपास सोडावा असं मला वाटलं नाही, वाटणारही नाही. आता दुपारी दही-शेंगदाणे आणि फळं नीट खाते, चहा सकाळचाच, आणि चंद्र बघितल्यावर एक मोदक, थोडा वरणभात. उपाशी झोपणंही बरं नाही, पोटात आग पडली की पहाटे चारला जाग येतेच.

झोपताना गरम दूध प्यावं का, हे मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. दुधात ट्रिप्टोफॅन नावाचं अमायनो आम्ल असतं, त्यापासून शरीर सेरोटोनिन आणि पुढे मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक बनवतं, हे खरं. पण एका पेल्यातलं प्रमाण थोडं, आणि मेंदूत शिरताना त्याला इतर अमायनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. तरीही मी पिते. चरकसंहितेत म्हशीचं दूध झोप न येणाऱ्याला हितकर म्हटलंय, आणि आमच्या आज्जीने चरक न वाचता तेच सांगितलं होतं. दिवे मालवून, हातात कोमट पेला धरून दहा मिनिटं गप्प बसणं, यातच अर्धी झोप आहे असं मला वाटतं. जायफळ मात्र चिमूटभरच, जास्त झालं तर ते विषारी ठरतं. आणि गंमत बघा, तेच जायफळ-केशराचं दूध कोजागरीला आपण जागण्यासाठी आटवतो!

दारूबद्दल एवढंच सांगते. माझ्या नात्यातले एक काका निवृत्तीनंतर "झोपेसाठी एकच" घ्यायला लागले. लवकर डोळा लागतो, हे खरंच. पण दारू स्वप्नांची झोप आधी दाबून टाकते आणि उत्तररात्री ती झोपेचे तुकडे करते. काका रोज पहाटे तीनला टक्क जागे असायचे. मग एकाचे दोन झाले.

मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याच्या टेबलाखाली मला एनर्जी ड्रिंकचे रिकामे डबे सापडले. २५० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे दोन कप चहाएवढं, वर ढीगभर साखर. मी रागावले नाही. त्याला वही दाखवली. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, हे त्याने स्वतःच कुठेतरी वाचलं होतं. डबे पूर्ण बंद झालेले नाहीत, पण रात्रीचे बंद झाले.

आणि आता अण्णांबद्दल.

माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आम्ही चाळीत राहायचो. अण्णांची रात्रपाळी असली की सकाळी ते कानात, भुवयांवर कापसाची बारीक लव घेऊन यायचे. साच्यांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे घरातही मोठ्याने बोलायचे. आई त्यांना आंघोळीला गरम पाणी द्यायची आणि समोर ताकातल्या कण्या ठेवायची. ज्वारीच्या कण्या, पातळ ताक, लसूण नाही, मिरची नाही. चहा मागितला तर म्हणायची, "उठल्यावर. आता न्हाई." मग खिडकीवर दुहेरी करून चादर टांगायची. खोलीत काळोख व्हायचा आणि आम्ही तिघं भावंडं बाहेर पायरीवर मुक्यासारखी बसायचो. भाजीवाली गल्लीत शिरली की आई ओठांवर बोट ठेवून धावत जायची. आई तिसरीपर्यंत शिकली आहे. पाळीवाल्या कामगारांना आज डॉक्टर जे सांगतात, हलकं खा, झोपेआधी चहा नको, खोली अंधारी ठेवा, ते सगळं ती पन्नास वर्षांपूर्वी करत होती.

तिच्या हातात नव्हता तो अण्णांचा रात्रीचा डबा. शरीरातलं घड्याळ कसं चालतं याच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, तेव्हा मी त्यावर मिळेल ते वाचलं. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेड-अंधारावर चालतं. पण यकृतालाही स्वतःचं घड्याळ असतं, आणि ते जेवणाच्या वेळा बघून आपले काटे लावतं. रात्री एकला डबा उघडणाऱ्या माणसाचे डोळे सांगतात रात्र, पोट सांगतं दिवस. अण्णा आयुष्यभर त्या दोघांच्या मध्ये उभे होते.

पुढे गिरणी बंद पडली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. अण्णांना रात्री कुठे जायचं उरलं नाही, पण झोपही येईना. पहाटे तीनच्या सुमाराला ते उठायचे, रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारायचे, चहा करायचे. मी अभ्यासाला जागी असायचे. ते बशीत थोडा मला ओतून द्यायचे. दिवा लावायचे नाहीत. स्टोव्हच्या निळ्या उजेडात आम्ही दोघं न बोलता चहा प्यायचो. मला वाटायचं, ते माझ्या अभ्यासाला सोबत करतात. पुढे वाटायला लागलं, काळजीने झोप येत नाही म्हणून चहा पितात आणि चहाने आणखी झोप जाते. कॅफिनचं सगळं समजल्यावर तर मनात रुतून बसलं, आपण त्यांना थांबवायला हवं होतं. ते गेले तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते.

आई उन्हाळ्यात माझ्याकडे जुळे सोलापूरला असते. एप्रिलमधल्या एका रात्री आम्ही गच्चीवर पडलो होतो आणि मी हे तिला बोलून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "झोप येत न्हाई म्हणून न्हवते करत ते चहा. तीनला त्यांच्या खात्यात चहा यायचा. कपाळी घाम असायचा आन् सगळी जण भिंतीला टेकून पंधरा मिनटं बसायची. तेवढंच बसायला मिळायचं." थोडं थांबून म्हणाली, "मी एकदा पत्तीचा डबा लपवला हुता. उठले, हुडकला, न्हाई सापडला. तर रिकाम्या ष्टोव्हापुढं बसून राहिले गं, उजाडस्तोवर. मग मीच डबा पुन्हा जाग्यावर ठिवला."

गेल्या गुरुवारी पाणी अडीचला आलं. टाक्या भरल्या, पिंपं भरली. हल्ली मी दोन घोट पाणी पिऊन परत जाऊन पडते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात झोप लागते. त्या रात्री आई जागी झाली, भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आली.

"चहा टाकतीस का?"

"आई, एवढ्या रात्री?"

"एकच. बशीत दे."

मी पातेलं ठेवलं. दिवा लावला नाही. सकाळी वही उघडली आणि नोंद केली: ३.१०, चहा, दोघींत एक कप.